पिंगट केसांचा अर्थ : महाराष्ट्रातील एका पूर्वग्रहाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

माणसाचे बाह्यरूप पाहून त्याचे कुळ, स्वभाव आणि योग्यता ठरविण्याची प्रवृत्ती सर्वच समाजांत आढळते. युरोपात तांबड्या केसांचा माणूस तापट मानला गेला, तर सोनेरी केसांच्या स्त्रीकडे बुद्धी बेताची असते अशी समजूत रूढ झाली. भारतात बहुसंख्य लोकांचे केस काळे असल्यामुळे अशा पूर्वग्रहांना येथे वाव नाही, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासून पाहण्याची आवश्यकता आहे. महाराष्ट्रात 'पिंगट', 'भुरे', 'तांबूस' या शब्दांनी वर्णिल्या जाणाऱ्या केसांना, आणि त्यांच्या जोडीने येणाऱ्या घाऱ्या डोळ्यांना, दीर्घकाळ सामाजिक अर्थ चिकटलेले आहेत. ते अर्थ कोणी, केव्हा व कशासाठी चिकटविले याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

या अभ्यासासाठी सांगली परिसराचा विचार उपयुक्त ठरतो. सांगली व मिरज या दोन्ही शहरांवर पटवर्धन या कोकणस्थ घराण्याच्या संस्थानांची सत्ता होती. या दोन शहरांच्या दरम्यान वसलेल्या विश्रामबाग येथे १९१९ मध्ये स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय व १९४७ मध्ये स्थापन झालेले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. संस्थानी काळातील जुनी घराणी, दुष्काळी तालुक्यांतून आलेले विद्यार्थी आणि हंगामापुरते येणारे ऊसतोड मजूर असे समाजाचे अनेक थर या परिसरात एकमेकांच्या दृष्टीस पडतात. एकच शारीरिक लक्षण निरनिराळ्या थरांत निरनिराळ्या रीतीने कसे वाचले जाते, हे अशा ठिकाणी स्पष्टपणे दिसून येते.

प्राचीन ग्रंथांतील कपिल केस :

केसांच्या रंगाविषयीचे दोन परस्परविरोधी उल्लेख प्राचीन संस्कृत वाङ्मयात सापडतात. पहिला उल्लेख पतंजलीच्या महाभाष्यातील आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील या व्याकरणग्रंथात पाणिनीच्या नञ्-समासाच्या सूत्राची (२.२.६) चर्चा करताना ब्राह्मण्याची लक्षणे म्हणून गोरा वर्ण, शुद्ध आचार, पिंगट छटा व कपिल केस यांचा निर्देश येतो. दुसरा उल्लेख मनुस्मृतीतील आहे. विवाहास वर्ज्य अशा कन्यांची यादी देताना तिसऱ्या अध्यायात 'कपिला' कन्येचा निषेध केला आहे, आणि कुल्लूकाने आपल्या टीकेत या शब्दाचा अर्थ 'कपिल केस असलेली' असा दिला आहे. त्याच श्लोकातील 'पिंगला' म्हणजे पिंगट डोळ्यांची, असेही तो सांगतो.

पुरुषाच्या बाबतीत जे लक्षण कुलीनतेचे, तेच वधूच्या बाबतीत दोषाचे ठरावे, ही विसंगती लक्षणीय आहे. हे दोन्ही ग्रंथ एका काळाचे नाहीत व एका हेतूने लिहिलेलेही नाहीत, हे मान्य करूनही त्यातून एक गोष्ट निष्पन्न होते : रंगाला स्वतःचा असा अर्थ नसतो. तो कोणाच्या अंगावर आहे आणि पाहणाऱ्याचा अधिकार कोणता आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो.

पतंजलीच्या चर्चेतील आणखी एक बाब सहसा दुर्लक्षिली जाते. 'अब्राह्मण' या शब्दाचा प्रयोग कसा संभवतो हे समजावताना तो असे उदाहरण देतो की, एखाद्या गोऱ्या, पिंगट, कपिल केसांच्या मनुष्यास पाहून हा ब्राह्मण आहे असा निश्चय केला जातो आणि नंतर तो ब्राह्मण नसल्याचे कळते. म्हणजे रूपावरून जातीचा तर्क करण्याची पद्धत दोन हजार वर्षांपूर्वी इतकी परिचित होती की, तो तर्क चुकण्याचा प्रसंगही व्याकरणातील नित्याचे उदाहरण होऊ शकत होता.

उगमकथा आणि परकेपणाचा तर्क :

अव्वल इंग्रजी काळापासून कोकणस्थ अथवा चित्पावन ब्राह्मणांच्या गोऱ्या वर्णाकडे, घाऱ्या डोळ्यांकडे व क्वचित आढळणाऱ्या पिंगट केसांकडे विशेष लक्ष वेधले गेले. सह्याद्रिखंडातील कथेनुसार परशुरामाने समुद्रकिनारी वाहत आलेली चौदा प्रेते जिवंत करून हा समाज निर्माण केला. याच किनाऱ्यावरील बेने इस्रायल समाजातही गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची कथा सांगितली जाते. या दोन कथांचे साम्य आणि शरीराचा वर्ण यांची सांगड घालून चित्पावन हे इराणी, यहुदी अथवा इजिप्तमधील असावेत, असे अनेक तर्क मांडले गेले. त्यांपैकी एकालाही खात्रीलायक आधार मिळालेला नाही. तथापि लोकसमजुतीत ते आजही टिकून आहेत.

या तर्कांचा उपयोग परस्परविरोधी भूमिकांनी केला, हे विशेष होय. महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) या ग्रंथात ब्राह्मण हे बाहेरून, इराणातून आलेले आक्रमक असल्याची मांडणी करून शूद्रातिशूद्रांच्या दास्याची मीमांसा केली. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये वेदांतील खगोलविषयक उल्लेखांच्या आधारे आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ असल्याचा सिद्धांत मांडला. या दोघांचा आधार शरीरलक्षणांचा नव्हता, आणि त्यांची उद्दिष्टे तर पूर्णतः भिन्न होती. परंतु परकेपणाची कल्पना एकदा रुजल्यावर घारे डोळे व पिंगट केस हे तिचे दृश्य पुरावे मानले जाऊ लागले. ज्यांना तो अभिमान वाटला त्यांनी त्यात आर्यत्व पाहिले. ज्यांना तो आरोप करावयाचा होता त्यांनी त्यात कपट पाहिले. मांजऱ्या डोळ्यांचा माणूस विश्वासू नसतो, ही समजूत याच मानसिकतेची द्योतक आहे.

मोजमापाचे शास्त्र :

लोकसमजुतीला शास्त्राची प्रतिष्ठा देण्याचे कार्य एकोणिसाव्या शतकातील मानववंशशास्त्राने केले. भारतात हर्बर्ट रिस्ले याने नासिकानिर्देशांकाच्या आधारे जातींची वांशिक उतरंड मांडली आणि महाराष्ट्रातील ब्राह्मण व कुणबी यांना 'शक-द्राविड' या एकाच प्रकारात घातले. १९०८ मध्ये त्याचा 'द पीपल ऑफ इंडिया' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रिस्लेच्याच मोजमापांनुसार महाराष्ट्रातील ब्राह्मण व कुणबी एका गटात पडत असतील, तर त्यांच्यातील सामाजिक अंतराचे मूळ वंशात नाही हे उघड होते. परंतु त्या काळी हा निष्कर्ष क्वचितच काढला गेला.

युरोपात केसांचा रंग हेही मोजमापाचे एक साधन होते. रुडॉल्फ व्हिर्को या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १८७० च्या दशकात सुमारे ६७ लाख ६० हजार शालेय मुलांचे केस, डोळे व त्वचा यांच्या रंगांची पाहणी करण्यात आली. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार जर्मन मुलांपैकी सुमारे ३२ टक्के मुलेच सोनेरी केसांच्या शुद्ध गोऱ्या प्रकारात मोडत होती, तर यहुदी मुलांपैकी सुमारे ११ टक्के मुले त्याच प्रकारातील होती. 'जर्मन म्हणजे सोनेरी केस आणि यहुदी म्हणजे काळे केस' या समजुतीस या आकड्यांनी छेद दिला. तरीही पुढील पन्नास वर्षांत ती समजूत क्षीण न होता राज्याचे धोरण बनली, ही इतिहासातील विदारक वस्तुस्थिती होय. पूर्वग्रह केवळ आकडेवारीने नष्ट होत नाही, याचे यापेक्षा ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

इरावती कर्वे यांचे संशोधन :

या दोन्ही परंपरा ज्यांच्या कार्यात एकत्र येतात त्या डॉ. इरावती कर्वे (१९०५-१९७०) होत. मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली १९२८ मध्ये त्यांनी एम. ए. साठी चित्पावन ब्राह्मणांवरच प्रबंध लिहिला. त्यानंतर त्या बर्लिन येथील कैसर विल्हेल्म संस्थेत संशोधनासाठी गेल्या. त्या संस्थेचे संचालक व त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर होते. केसांचे रंग ठरविण्यासाठी नमुन्यांच्या बटांची प्रमाणित पेटी फिशरनेच विसाव्या शतकाच्या आरंभी तयार केली होती. १९०८ मध्ये आफ्रिकेतील तत्कालीन जर्मन वसाहतीत रेहोबोथ येथील मिश्र वंशाच्या लोकांचे मोजमाप करून त्याने १९१३ मध्ये ग्रंथ लिहिला व वंशमिश्रणास विरोध केला. पुढे १९३७ मध्ये ऱ्हाईनलँडमधील कृष्णवर्णीय सैनिकांच्या मुलांचे सक्तीने निर्बीजीकरण करण्यात आले, तेव्हा त्यासाठी अभिप्राय देणाऱ्यांत फिशर व त्याच्या संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग होता. केसांच्या बटांच्या पेटीपासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंतचे हे अंतर तीस वर्षांचे होते.

या वातावरणात इरावतीबाईंना मानवी कवटीच्या असममितीचा विषय देण्यात आला होता. कवटीच्या दोन बाजूंतील असमानता व वंश यांचा संबंध असेल, अशी अपेक्षा त्यामागे होती. त्यांनी प्रत्यक्ष कवट्या मोजल्या आणि असा कोणताही संबंध आढळत नसल्याचा निष्कर्ष काढला. परदेशी विद्यार्थिनीने मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध निष्कर्ष नोंदविणे ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती.

तथापि इरावतीबाईंनी शरीरमापन सोडून दिले नाही. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये कार्य करीत असताना त्यांनी महाराष्ट्रातील अनेक जातींची मोजमापे घेतली. या पद्धतीच्या मर्यादांवर नंतरच्या अभ्यासकांनी योग्य ती टीका केली आहे. परंतु त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष महत्त्वाचा आहे : महाराष्ट्रातील सर्व ब्राह्मण जाती एका मूळ समूहाच्या शाखा नाहीत, जात हा विस्तारित नातेसमूह असून समान वर्ण म्हणजे समान रक्त नव्हे. १९३२ मध्ये घुर्ये यांनीही महाराष्ट्रासारख्या प्रांतांत जातीची उतरंड व शरीरलक्षणे यांचा मेळ बसत नसल्याचे दाखविले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या आपल्या अस्पृश्यतेवरील ग्रंथात घुर्ये यांच्याच मोजमापांचा आधार घेऊन ब्राह्मण व अस्पृश्य वंशतः भिन्न नाहीत, असे प्रतिपादन केले.

१९४८ चा अनुभव :

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी चित्पावन ब्राह्मण असल्याचे कळताच पुणे, सातारा, सांगली व कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे व मालमत्ता जाळण्यात आली. या जाळपोळीत केवळ चित्पावनांची नव्हे, तर देशस्थ व कऱ्हाडे कुटुंबांचीही घरे होती. घर शोधण्यास केसांचा वा डोळ्यांचा रंग लागला नाही. गावात आडनाव आणि वाडा सर्वांना ठाऊक होता. ८ मार्च १९४८ रोजी सांगली संस्थान विलीन झाले, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले.

या घटनांवरून पूर्वग्रहाचे स्वरूप उलगडते. ज्याच्यावर रोष आहे त्यास ओळखण्यासाठी शारीरिक चिन्हाची गरज नसते. 'हे लोक मुळातच वेगळे' असे स्वतःस पटविण्यासाठी ती असते. एका व्यक्तीच्या अपराधासाठी संपूर्ण समाजास जबाबदार धरावयाचे झाल्यास त्या समाजात काहीतरी जन्मजात आहे, असे मानावे लागते. वर्ण, डोळे व केस ही गरज भागवितात.

त्याच रंगाचा दुसरा अर्थ :

पिंगट केसांचा वेगळाच अर्थ समाजाच्या दुसऱ्या टोकाला लावला जातो. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून व दुष्काळी पट्ट्यातून मजूर कुटुंबे सांगली, सातारा व कोल्हापूर जिल्ह्यांत येतात. त्यांच्या मुलांचे केस अनेकदा तांबूस, राठ व विरळ दिसतात. सुस्थित घरातील मुलाच्या पिंगट केसांचे कौतुक होते. मजुराच्या मुलाचे तेच केस पाहून तेल न लावणारा, अस्वच्छ, शिक्षणाची आवड नसलेला असा शिक्का मारला जातो.

वस्तुतः केसांचा रंग मेलॅनिन या द्रव्यावर अवलंबून असतो. सतत उन्हात राहिल्याने ते द्रव्य ऱ्हास पावते व केस फिकट होतात. तीव्र प्रथिनअभावातही केस तांबूस होतात; डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ मध्ये आजच्या घाना देशातील मुलांच्या निरीक्षणावरून या विकाराचे वर्णन केले आणि १९३५ मध्ये 'क्वाशिओरकोर' हे स्थानिक नाव रूढ केले. आहारात सुधारणा व बिघाड आलटून-पालटून झाल्यास एकाच केसावर गडद व फिकट पट्टे दिसतात. अर्थात प्रत्येक तांबूस केस म्हणजे कुपोषण नव्हे. त्यासाठी वजन, उंची व दंडाचा घेर मोजावा लागतो. परंतु ज्या लक्षणावरून मुलास आरोग्य तपासणीस पाठवावयाचे, त्याच लक्षणावरून त्यास वर्गाच्या मागच्या बाकावर पाठविले गेले, तर पूर्वग्रहाची किंमत ते मूल आपल्या शरीराने चुकवीत असते.

फिकट केस म्हणजे परदेशी पूर्वज, हा तर्कही अनुवंशशास्त्राने निराधार ठरविला आहे. पॅसिफिक महासागरातील सॉलोमन बेटांवर गडद कृष्णवर्णीय लोकांत सोनेरी केस आढळतात. ते युरोपीय संबंधामुळे नसून तेथेच स्वतंत्रपणे घडलेल्या एका जनुकीय बदलामुळे आहेत, असे २०१२ मध्ये सिद्ध झाले.

निष्कर्ष :

१. केसांच्या रंगाविषयीचे पूर्वग्रह केवळ युरोपीय नाहीत. भारतीय परंपरेत ते प्राचीन काळापासून आढळतात.

२. एकाच रंगाला पुरुष व स्त्री, ब्राह्मण व ब्राह्मणेतर, सुस्थित व मजूर यांच्या बाबतीत भिन्न अर्थ दिले गेले. त्यामुळे हे अर्थ शरीराविषयी नसून सामाजिक स्थानाविषयी आहेत, हे सिद्ध होते.

३. व्हिर्को व इरावती कर्वे यांच्या संशोधनाने वांशिक समजुतींना प्रतिकूल पुरावे दिले; परंतु समाजाने सोयीच्या समजुती पुराव्यापेक्षा अधिक काळ जपल्या.

४. शिक्षणसंस्थांत या पूर्वग्रहाचे परिणाम आजही संभवतात. म्हणून शिक्षक-प्रशिक्षणात बाह्यरूपावरून होणाऱ्या मूल्यमापनाचा विचार समाविष्ट होणे आवश्यक आहे.

पतंजलीच्या उदाहरणातील मनुष्य केस पाहून निश्चय करतो, आणि नंतर चूक कळल्यावर आपला शब्द बदलतो. विद्येच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांकडून किमान तेवढी तयारी अपेक्षित आहे. आणि निश्चय करण्यापूर्वीच थांबता आले तर ते अधिक श्रेयस्कर ठरेल.