सहस्रताल : जाऊन-येऊन एक दिवस

पौडला आमच्याकडे मे संपत आला की दोन कामं एकदमच निघतात. घरावरची कौलं चाळायची आणि हिमालयात निघालेल्यांच्या पाठपिशव्या तपासायच्या. मुळशीतल्या कोराईगड, घनगड, अंधारबनात पाय तयार झालेली ही मंडळी. उत्साह भरपूर, दमही चांगला. त्यांच्यासमोर मी दरवर्षी एक दिवस मांडतो : ३ जून २०२४, जिल्हा उत्तरकाशी. दोष शोधायला नाही, तर आपल्याच सवयी तपासायला.

२९ मे. २२ जण सिल्ला गावाच्या वाटेने सहस्रताल या तळ्याकडे निघतात. १८ कर्नाटकातले, एक महाराष्ट्रातला, तिघे स्थानिक वाटाडे. वयं तिशीपासून सत्तरीपलीकडे. बऱ्याच जणांनी याआधी हिमालयात पायपीट केलेली. परतायचं ७ जूनला.

२ जून, संध्याकाळ. लांबतालला मुक्काम. उद्या सहस्रताल बघून परत इथेच यायचं. जाऊन-येऊन एक दिवस.

या ‘जाऊन-येऊन’ची मला भीती वाटते. एवढा शब्द कानावर पडला की पिशवी हलकी होते. तंबू मुक्कामावर, स्लीपिंग बॅग मुक्कामावर, पाठीवर डबा, पाणी आणि एक विंडचीटर. सह्याद्रीत हे खपतं. अंधारबनात भर पावसात चिंब झालात तरी हवा विसेक अंशांची असते, मध्ये हिरडी गाव लागतं, कुणाच्या तरी ओसरीवर टेकता येतं, चुलीवर चहा चढतो. सहस्रताल सुमारे ४,४०० मीटर उंचीवर. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी हवा थंड होते. म्हणजे मुळशी धरणाच्या काठी ३० अंश असतील त्या घडीला तेवढ्या उंचीवर पाचाच्या आसपास, तेही ऊन असताना. कॅलेंडरवर जून असतो, उन्हाळा असतो. वरच्या सावलीच्या उतारांवर गेल्या हिवाळ्याचा बर्फ अजून पडून असतो.

३ जून, सकाळ. गट तालाकडे चढू लागतो. अशा दिवसांत हीच वेळ आपली. रात्रभर गोठलेला बर्फ कडक असतो, बूट धरतो. ऊन चढलं की तोच बर्फ भुसभुशीत होतो, पाय मांडीपर्यंत रुततो. ओढ्यावरचा बर्फ वरून पांढरा, सलग दिसतो आणि खालून पाण्याने पोखरलेला असतो. दऱ्यांतली तापलेली हवा वर सरकते आणि दुपारनंतर ढग बांधले जातात. म्हणून माझ्या यादीत सगळ्यात वर एक रकाना आहे : मागे फिरायची वेळ. ती आदल्या रात्री, पोट भरलेलं असताना, शांतपणे लिहायची. शिखर किंवा तळं समोर दिसायला लागल्यावर ती कुणालाच नीट ठरवता येत नाही, मलाही नाही.

दुपारी २ च्या सुमारास. ताल बघून गट परतीला लागलेला. हवा फिरते.

दुपारी ४. बर्फ, धुकं आणि वारा एकदम. वाचलेल्यांनी पुढे सांगितलं, वारा ताशी ९० किलोमीटरपर्यंतचा होता. शून्य अंशाच्या हवेत एवढा वारा असला तर उघड्या कातडीला ती हवा उणे दहाची लागते. वाट दिसेना. माणसं एकमेकांना बिलगून बसली.

थंडी माणसाला कशी गाठते, ते माझ्या मंडळींकडून मी वदवून घेतो. आधी हुडहुडी भरते. बोटांना चेन लावता येत नाही. जीभ अडखळते, माणूस विसंगत बोलायला लागतो. मग हुडहुडी थांबते. सोबत्यांना वाटतं, बरं वाटतंय याला. खरं तर अंगाची ऊब राखायची ताकद संपलेली असते. घामाने भिजलेला सुती बनियन अंगात असेल तर हे सगळं आणखी लवकर होतं. म्हणून कोरडे लोकरी कपडे आणि दोघा-तिघांना आत घेईल असं प्लास्टिकचं मोठं कापड ‘जाऊन-येऊन’च्या पिशवीतही हवंच. वजन दीड-दोन किलो वाढतं. वाढू दे.

संध्याकाळी ६. दोघांचे प्राण गेलेले.

रात्र. उघड्यावर. आणखी काही जण गेले.

४ जून. उजाडल्यावर एक वाटाड्या मोबाइलची रेंज शोधत खाली निघाला. तो पोहोचला तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला कळलं. वादळाला सुरुवात होऊन चोवीस तासांच्या आसपास लोटले होते.

५ जून. हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची पथकं वर पोहोचली. १३ जण वाचले. पाच मृतदेह खाली आणले.

६ जून. उरलेले चार आणले. ठरलेल्या परतीला अजून एक दिवस बाकी होता.