आंदणाच्या आधीची थोरली

‘मुंबई इंग्रजांना कशी मिळाली?’ याचं उत्तर आपण एका वाक्यात लिहायचो: पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात आंदण म्हणून. एक गुण मिळायचा, विषय संपायचा. निवृत्तीनंतर मी त्या राजकन्येच्या माहेरी जरा डोकावलो, तेव्हा तिथं तिची थोरली बहीण भेटली.

कॅथरीन सगळ्यांना माहीत, जोआना कुणालाच नाही. जन्म 18 सप्टेंबर 1635, कॅथरीनहून तीन वर्षांनी मोठी. वडील तेव्हा ब्रगांझाचे ड्यूक होते. डिसेंबर 1640 मध्ये पोर्तुगालनं स्पेनचं जोखड झुगारलं, वडील राजे झाले आणि पाच वर्षांची ही पोर राजकन्या झाली. पुढं ‘बेइराची राजकन्या’ असा किताबही मिळाला. किताब कितीही मोठा असो, त्या घरात मुलींचा उपयोग ठरलेला. नव्या गादीला स्पेन मानायला तयार नव्हता, लढाई चालूच होती, मित्र हवे होते. मुलीचं लग्न म्हणजे तहच.

1653 साल त्या घराला वाईट गेलं. मे महिन्यात थोरला भाऊ तेओदोसिओ एकोणिसाव्या वर्षी वारला. 17 नोव्हेंबरला जोआनाही गेली, अठरा वर्षांची, अविवाहित. इतिहासात तिची नोंद उरली ती एवढीच: लग्न झालं नाही. आपल्या बॅचमधल्या दोघीतिघींना हे ओळखीचं वाटेल. भावंडांची शिक्षणं केली, आईवडिलांना शेवटपर्यंत सांभाळलं, पण मेळाव्यात पहिला प्रश्न तोच, ‘घरी कोण कोण असतं?’

तीन वर्षांनी राजाही वारला. कारभार राणी लुईझाकडे आला आणि 23 जून 1661 च्या तहानं तिनं कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली. सोबत मुंबई, टँजियर आणि मोठी रोख रक्कम. जोआना असती तर पंचवीस वर्षांची असती. माझ्या मते आधी नाव तिचंच निघालं असतं. अर्थात जर-तरला आपल्या बाई गुण देत नसत!

दहिसर मात्र त्या आंदणात नव्हतं. वांद्र्यापासून आपल्यापर्यंतची साष्टी पोर्तुगीजांनी ठेवून घेतली, कारभार वसईहून चाले. मंडपेश्वरच्या लेण्यांच्या माथ्यावर जे पडकं बांधकाम आहे, ज्याच्या सावलीत आपण सहलीचे डबे उघडायचो, ते त्याच राजवटीतलं. जोआना जिवंत असताना आपलं गाव तिच्या वडिलांच्या राज्यात होतं.

मराठ्यांनी 1737 मध्ये साष्टी घेतली, 1739 मध्ये वसई. इंग्रज इथं पोचले ते 1774 च्या अखेरीस, म्हणजे त्या लग्नानंतर शंभरहून अधिक वर्षांनी, आणि तेही लढून. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यांना जमेल त्यांनी मंडपेश्वरला यावं. चहाचा थर्मास मी आणतो.