खूण आणि ठिकाण

२२ जुलै २०२१ रोजीं दुपारनंतर महाड तालुक्यांतील तळीये गांवच्या कोंढाळकर वाडीवर डोंगर खचून आला आणि ऐंशींहून अधिक माणसें मातीखालीं गेलीं. त्याच पावसांत पोलादपूर तालुक्यांत केवनाळें येथें आणि साखर गांवच्या सुतारवाडींतहि दरडी कोसळल्या. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरीं सुमारें ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आणि महाबळेश्वरीं उगम पावणारी सावित्री तें पाणी घेऊन पोलादपुरावरून महाडासच येते. ह्या साऱ्या घटना कागदावर मांडावयाच्या झाल्या म्हणजे पहिला प्रश्न उभा राहतो तो दिसावयास अगदींच क्षुल्लक असतो: दरडीसाठीं खूण कोणती काढावी, आणि ती नेमकी कोठें ठेवावी?

संगणकावर आलेख काढणारीं साधनें ठिपका, चौकोन, त्रिकोण, फुली, तारा अशा खुणांची पेटी वापरणाऱ्यापुढें तयार ठेवतात. प्रयोगशाळेंतील मापनांस तेवढें पुरतें. दरड, झरा, खचलेला रस्ता, पुराचें पाणी जेथपर्यंत चढलें ती रेषा, ह्यांच्यासाठीं त्या पेटींत कांहींच नसतें. मग ज्याची खूण त्यानेंच घडवावी लागते. ही अडचण संगणकाबरोबर जन्मास आली असें मात्र कोणीं समजूं नये.

मुंबई इलाख्यांत १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यापासून जमिनीच्या मोजणीची जी पद्धत घालून दिली, तिची साखळी ३३ फुटांची व सोळा आण्यांची होती. एक साखळी लांब व एक साखळी रुंद एवढी जमीन म्हणजे एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. हा हिशेब कोंकणांतल्या शेतकऱ्याच्या तोंडीं अजून आहे. त्या पद्धतीच्या गांवनकाशांवर विहीर, देऊळ, झाड, हद्दीचा दगड यांच्या खुणा असतात, आणि प्रत्येक खूण एका अर्थानें खोटी असते. पन्नास हजारांस एक ह्या प्रमाणाच्या नकाशावर पांच मीटर रुंदीची विहीर काढावयाची तर ती मिलिमीटरचा दहावा भाग भरेल, म्हणजे डोळ्यास दिसणारच नाहीं. म्हणून ती मोठी काढावी लागते. आकाराच्या बाबतींत एवढें असत्य पत्करलें कीं स्थानाच्या बाबतींत तरी खूण खरी असली पाहिजे. आणि एवढ्या मोठ्या आकृतीचा कोणता बिंदु खऱ्या जागेवर टेंकला आहे, हें आधीं ठरवावें लागतें. त्या बिंदूस खुणेचा पाय म्हणूं या.

मोजणीखात्यांतील लोकांनीं हें फार पूर्वीं ओळखलें होतें. १८०२ मध्यें लॅम्टननें मद्रासेजवळ पायाची रेषा मोजली आणि तेथून त्रिकोणांची साखळी देशभर पसरत गेली. त्या त्रिकोणांचीं टोकें, बहुधा डोंगरांचीं शिखरें, नकाशावर लहानशा त्रिकोणानें दाखवितात; पण त्या त्रिकोणाच्या पोटांत एक ठिपका असतो. त्रिकोण कितीहि मोठा होवो, ठिकाण म्हणजे तो ठिपका. देवळाची किंवा झाडाची खूण उभ्या चित्रासारखी असते, म्हणून तिचा पाय तळाच्या मध्याशीं धरतात. खुणांचा अर्थ सर्वत्र एकच राहावा, ह्याचीहि निकड होती. १८ अंश उत्तर अक्षांशाची रेषा महाड आणि पोलादपूर यांच्यामधून जाते. त्यामुळें अंशाअंशानें कापलेल्या नकाशांत हीं दोन शेजारचीं गांवें दोन निरनिराळ्या पानांवर येतात. एका पानावरची खूण दुसऱ्या पानावर दुसरें कांहीं सांगूं लागली, तर सावित्रीच्या कांठानें चालणारा वाटसरू अर्ध्या वाटेंत वाट चुकेल.

हवामानशास्त्रानें ह्या प्रश्नाची तोड निराळ्या तऱ्हेनें काढली. फ्रान्सिस गाल्टननें १८६३ मध्यें युरोपचे हवामान-नकाशे छापले ते खास घडविलेल्या खुणा वापरून. पुढें १८७३ मध्यें व्हिएन्ना येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें पाऊस, हिम, गारा इत्यादिकांच्या खुणांस सर्वमान्यता दिली. भारतीय हवामानखात्याची स्थापना १८७५ ची. त्याचें मुख्य कार्यालय १९२८ मध्यें सिमल्याहून पुण्यास आलें. तेथील नकाशांवर प्रत्येक वेधशाळेच्या जागीं एक लहान वर्तुळ असतें. वर्तुळ जितकें भरलेलें तितकें आभाळ ढगांनीं व्यापलेलें. पावसाचा ठिपका त्या वर्तुळावर कधींच बसवीत नाहींत. तो डाव्या अंगास लिहितात, तपमान डावीकडे वर, हवेचा दाब उजवीकडे वर. जागा वर्तुळानें सांगावयाची, आणि काय घडलें तें भोंवतालच्या खुणांनीं. कामाची ही वांटणी इतकी सोयीची ठरली कीं संगणक आल्यावरहि ती तशीच राहिली; फरक एवढाच कीं पूर्वीं बोरूनें किंवा लेखणीनें काढावयाच्या खुणा आतां टंकांतील अक्षरें होऊन बसल्या आहेत.

संगणकाच्या साधनांचा इतिहास मात्र सुरवातीस इतका शहाणपणाचा नाहीं. १९८६ मध्यें निघालेल्या ग्नूप्लॉट ह्या साधनांत खुणांस नांवें नव्हतीं, क्रमांक होते. आणि एकाच क्रमांकाची आकृति पडद्यावर एक, तर छापण्याच्या यंत्रावर दुसरीच उमटे. सरावलेले लोक प्रथम परीक्षेचें पान काढून कोणता क्रमांक कोणती आकृति देतो हें पाहून घेत. मॅटप्लॉटलिब हें जॉन हंटर ह्या अमेरिकन मज्जाशास्त्रज्ञानें घडविलेलें व २००३ मध्यें प्रसिद्ध झालेलें साधन. त्यांत वापरणाऱ्यास स्वतःची खूण करतां येते. आकृतीच्या कोपऱ्यांचे अंक क्रमानें दिले कीं खूण तयार. तिचा पाय म्हणजे त्या अंकांतील शून्यबिंदु. सर्वांत मोठा अंक पाहून तें साधन संपूर्ण आकृति ठराविक चौकटींत बसेल अशी लहान-मोठी करतें. शून्यबिंदूस मात्र हात लावीत नाहीं.

येथेंच नवशिका फसतो. सोयीसाठीं तो सारे अंक शून्यापासून एकापर्यंत देतो. आकृति निर्दोष उमटते, परंतु ती चौकटीच्या वरच्या उजव्या चतुर्थांशांत जाऊन बसते. चौकट चार मिलिमीटरची असली, तर खुणेचा मध्य खऱ्या जागेपासून एक मिलिमीटर उजवीकडे व एक मिलिमीटर वर सरकतो. पन्नास हजारांस एक ह्या प्रमाणावर एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटर. डोंगराच्या कुशींत वसलेल्या वाडीला पन्नास मीटर पूर्वेस आणि पन्नास मीटर उत्तरेस म्हणजे काय, हें घाटाखालच्या माणसास सांगावयास नको. त्यांतहि विचित्र असें कीं त्याच साधनांत खूण म्हणून एखादें अक्षर दिलें तर तें आपोआप मध्यावर आणलें जातें. एकाच आलेखावर हाताने काढलेली खूण कलंडलेली आणि अक्षराची खूण नीट बसलेली, असा प्रकार होतो. आणि चूक खुणेंत आहे कीं मोजणींत, हें पाहणाऱ्यास कळत नाहीं. आकारमानाचेंहि तसेंच. कांहीं आज्ञांत खुणेची रुंदी सांगावयाची असते, कांहींत क्षेत्रफळ. रुंदी दुप्पट केली कीं क्षेत्र चौपट होतें, आणि दुप्पट पाऊस चौपट भासूं लागतो. मराठींत लिहूं पाहणाऱ्यास आणखी एक जाच होता. ह्या साधनांनीं बराच काळ देवनागरी अक्षरें नुसतीं एकापुढें एक मांडलीं. ‘किल्ला’ लिहिला तर वेलांटी क च्या मागून येई आणि पहिला ल पाय मोडून उभा राही. रायगडाच्या नकाशावर किल्ल्याचीच ही दशा!

नकाशासाठींच घडविलेल्या क्यूजीआयएस ह्या साधनांत, ज्याचा आरंभ गॅरी शर्मननें २००२ मध्यें केला, खुणेचा पाय वर, मध्यें कीं खालीं हें उघड विचारलें जातें, ही मोठी सुधारणा. पण तेथेंहि स्वतः काढलेल्या खुणेचें चित्र वेगळ्या फाइलींत राहतें. ती फाइल बरोबर न देतां नकाशा दुसऱ्या यंत्रावर उघडला तर खुणेच्या जागीं प्रश्नचिन्ह उमटतें. महाडास काढलेला दरडींचा नकाशा दुसऱ्या गांवच्या कचेरींत उघडावा आणि डोंगरभर प्रश्नचिन्हें दिसावींत, ह्यांत विनोद आहे तसें भयहि आहे. खुणेचें चित्र नकाशाच्या पोटांतच ठेवण्याची सोय पुढें झाली. ती ज्यानें वापरली नाहीं त्याचा नकाशा मुका.

पाय कोठें टेंकवावयाचा, ह्याचें उत्तर शेवटीं यंत्र देऊं शकत नाहीं. कोंकणांत गांव हें सरकारी दप्तरांतलें नांव. माणसें राहतात वाड्यांत, आणि वाड्या उतारांवर विखुरलेल्या. तळीये ह्या नांवाशीं एक ठिपका ठेवला तर नकाशा बिनचूक असूनहि कोंढाळकर वाडीविषयीं कांहींच सांगत नाहीं. साखर गांवचा ठिपका सुतारवाडीविषयीं मुग्धच राहतो. २५ व २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टींत महाड तालुक्यांतील दासगांव, जुई, रोहन, कोंडिवते येथें दरडींनीं दीडशेहून अधिक बळी घेतले. तेव्हांहि वृत्तांत गांवांचीं नांवें आलीं, उतारांचीं नाहींत. भारतीय भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्था २००४ पासून दरडींच्या अभ्यासाची प्रमुख संस्था आहे, आणि २०१४ मध्यें तिनें दरडप्रवण प्रदेशाचें राष्ट्रीय मानचित्रण हातीं घेतलें तें पन्नास हजारांस एक ह्याच प्रमाणावर. त्या प्रमाणावर एखादी वाडी म्हणजे चार-दोन मिलिमीटरचा कागद.

खूण जें सांगत नाहीं त्याचीं उदाहरणें महाडास शोधावीं लागत नाहींत. सावित्रीवरील ब्रिटिश काळांतला दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं पुरांत वाहून गेला. नकाशावर त्याची खूण कालपरवां बांधलेल्या पुलासारखीच होती. चवदार तळें तर प्रत्येक नकाशावर निळ्या रंगानें दाखविलेलें असे. त्या पाण्याला कोणीं शिवूं नये हें तो निळा रंग सांगत नव्हता, आणि तें सांगावयास व मोडावयास २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांना हजारों लोकांसह तेथें यावें लागलें.

दरडीला तर दोन टोकें असतात. वर जेथून माती सुटते तो माथा, खालीं जेथें ती येऊन थांबते तो पायथा. सह्याद्रीच्या ह्या बाजूस काळ्या कातळावर झिजलेल्या मुरुमाचा व मातीचा थर असतो. मुसळधार पावसांत तो पाणी पिऊन जड होतो आणि कातळावरून सुटतो. सुटलेली माती केव्हां केव्हां कित्येक शें मीटर वाहत जाते. एकच खूण माथ्यावर ठेवली तर वाडी सुरक्षित दिसते. पायथ्यावर ठेवली तर दरड वाडींतच जन्मली असें वाटतें. मधोमध ठेवली तर ती जेथें आहे तेथें कांहींच घडलेलें नसतें. म्हणून काळजीनें काम करणारे दोन खुणा काढतात: माथ्यासाठीं तोंड खालीं केलेली एक कमान, जिचा पाय कमानीच्या शिखराशीं, पायथ्यासाठीं भरीव ठिपका, आणि दोहोंना जोडणारी रेषा. घरांची खूण त्यांहून निराळी. तळीयेच्या कागदावर ती रेषा काढली कीं तिच्या खालच्या टोकाशीं घरांच्या खुणा येतात, आणि गांवाच्या नांवाचा ठिपका बाजूस राहतो.