फुतोन आणि कापसाचा भाव

जपानी घर म्हटलं की रिकामी खोली, ताटामी आणि तिच्यावर अंथरलेली पातळ फुतोन डोळ्यांसमोर येते आणि मग झेन, साधी राहणी हे शब्द आपोआप पाठोपाठ येतात. इतिहास पाहिला तर हे समीकरण टिकत नाही. कापसाने भरलेली गादी जपानमध्ये कित्येक पिढ्या पैसेवाल्यांचीच चैन होती. रोज गुंडाळून ठेवणं, उन्हात घालणं, उसवून पुन्हा भरणं ही तिची निगा वैराग्यातून आलेली नाही. कापूस महाग होता, म्हणून ती आली.

मुळात कापूसच तिथला नव्हे. ‘निहोन कोकी’ या दरबारी इतिहासात ७९९ सालची नोंद आहे: मिकावा प्रांताच्या किनाऱ्याला एका लहान होडीतून विशीतला एक परदेशी तरुण लागला. चिनी भाषा शिकल्यावर त्याने आपण तेन्जिकूचे, म्हणजे भारताकडचे, असं सांगितलं. त्याच्याजवळ एक एकतारी वाद्य होतं आणि कापसाचं बी. ते पुढच्या वर्षी दक्षिणेकडच्या उबदार प्रांतांत पेरायला दिलं गेलं, पण पीक तगलं नाही. निशिओ शहरात त्या तरुणाच्या स्मरणार्थ आजही तेन्जिकू नावाचं देऊळ आहे. कापूस खऱ्या अर्थाने रुजला तो त्यानंतर सहा-सातशे वर्षांनी, आणि तोही आधी अंगावरच्या कपड्यांत गेला, अंथरुणात नंतर.

एदो काळात (१६०३–१८६८) योशिवारा या गणिकांच्या वस्तीतल्या नामांकित गणिकेला तिचा धनिक आश्रयदाता तीन थरांची फुतोन भेट देई, आणि ती येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी मांडून ठेवली जाई. साधेपणाची वस्तू कुणी अशी मिरवत नाही. गरिबाच्या वाट्याला भाताचा पेंढा, चटई, फार तर कागदाच्या खोळीत पेंढा भरलेलं पांघरूण. शहरात फुतोन भाड्याने देणारी दुकानं होती, यातच सगळं आलं. दबलेला कापूस टाकून देणं परवडत नसे. तो पुन्हा पिंजून घेत. पिंजायचं धनुष्य आपल्या पिंजाऱ्याच्या धनुष्यासारखंच, फक्त त्याची तात देवमाशाच्या स्नायूची.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं दमट हवेमुळे. गादी उचलली नाही तर खाली बुरशी धरते. खरं आहे. कधीच न उचललेल्या अंथरुणाला जपानीत ‘दहा हजार वर्षांची शेज’ म्हणून हिणवतात. पण हवेने उन्हात घालण्याचा उलगडा होतो, पुन्हा पिंजण्याचा होत नाही. दमट हवा पेंढ्यालाही लागते, आणि पेंढा कुणी वर्षानुवर्षं जपून वापरत नाही.

फुतोन घरोघरी पोचली ती एदोनंतरच्या मेइजी काळात, आणि तिथे मुंबईचा संबंध येतो. १८८३ मध्ये ओसाकाची मोठी सूतगिरणी सुरू झाली. १८९३ मध्ये निप्पॉन युसेन कैशा या कंपनीने टाटांच्या सहकार्याने जपान-मुंबई आगबोटी सुरू केल्या आणि पी अँड ओ कंपनीची मक्तेदारी मोडली. १८९६ मध्ये जपानने कच्च्या कापसावरची जकातच काढून टाकली. मुंबईच्या बाजारात ‘उमरा’ या नावाने विकला जाणारा वऱ्हाडी कापूस जपानी गिरण्यांचा आवडता माल झाला. खुद्द जपानमधली कापसाची शेती मात्र बुडाली. हा कापूस सुतासाठी होता, गाद्यांसाठी नव्हे, हा आक्षेप अर्धाच बरोबर आहे. अभ्रे त्याच स्वस्त सुताचे झाले आणि गिरणीत गळणारा आखूड धागा गाद्यांत गेला. आखूड, जाडसर, कुरळा देशी धागा सुताला कमी प्रतीचा, पण हवा धरून ठेवतो, म्हणून गादीला उत्तम. भारतीय कापसाची ही ख्याती जपानी गादीवाल्यांमध्ये अजून टिकून आहे.

तेव्हा फुतोन घ्यायची तर अभ्र्याच्या नक्षीवर जाऊ नका. आत निव्वळ कापूस आहे का आणि तो किती किलो, हे विचारा. कोपरे दाबून पाहा, कारण कोपऱ्यापर्यंत कापूस नीट भरणं हेच या कामातलं कसब. रोज उचला, ऊन दाखवा, उलटसुलट करा. आणि चार-पाच वर्षांनी ती पिंजून देणारा माणूस जवळपास नसेल, तर सरळ दुसरी गादी घ्या.