तळटीप : ‘देवाचा दरबार’

‘देवाचा दरबार’ : रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेल्या रेव्ह. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात सुरू केलेली ख्रिस्तभक्तांची बंधुमंडळी. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिचे दार उघडे होते. यामुळे चर्चची शिस्त सैल होईल, हा आक्षेप गंभीरच आहे. मात्र टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, चर्च सोडले नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांना आप्तस्वकीय दुरावले, पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षे वेगळ्या राहिल्या. नव्या वाटेवर एकट्याची श्रद्धा किती लवकर थकते, हे अशा माणसाला सांगावे लागत नाही. म्हणून दरबार ही चर्चच्या घराची ओसरी मानावी : उंबरठ्यावर थबकलेल्याला तिथे आधी सोबत मिळे, धीर मिळे.