मीर स्थानकाचें अखेरचें बिऱ्हाड

घर जुनें झालें, धन्याची तिजोरी रिकामी झाली आणि दुरुस्तीचा खर्च मात्र दर साल वाढूं लागला, म्हणजे धनी दारावर ‘भाड्यानें देणें आहे’ अशी पाटी लावितो. जमिनीवरच्या वाड्यांची ही दशा सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु पृथ्वीपासून तीनशें किलोमीटरांहून अधिक उंचीवर फिरणाऱ्या एका घरावर इ. स. २००० मध्यें हाच प्रसंग आला, ही हकीकत फारशी कोणाच्या स्मरणांत उरलेली नाहीं.

त्या घराचें नांव मीर. रशियन भाषेंत या एका शब्दाचे ‘शांतता’ आणि ‘जग’ असे दोन अर्थ होतात. सोव्हिएट संघानें १९८६ च्या फेब्रुवारींत त्याचा पहिला भाग वर पाठविला, आणि पुढें एकेक दालन जोडीत १९९६ मध्यें तें पुरें केलें. वास्तविक ‘सोव्हिएट संघानें पुरें केलें’ असें म्हणणें चुकीचें ठरेल; कारण तें राज्य १९९१ अखेर मोडलें आणि राहिलेलें काम रशियानें तडीस नेलें. याच घरांत व्हॅलेरी पोल्याकोव्ह हे वैद्य सलग ४३७ दिवस राहिले. १९९७ हें वर्ष मात्र वाईट गेलें. फेब्रुवारींत आंत आग लागली. जूनमध्यें सामानाचें एक यान आदळून ‘स्पेक्त्र’ नामक दालनाला भोंक पडलें व तें दालन बंद करून टाकावें लागलें. २८ ऑगस्ट १९९९ रोजीं शेवटचे तीन रहिवासी निरोप घेऊन खालीं आले, आणि जवळजवळ दहा वर्षें सतत नांदतें असलेलें घर ओस पडलें.

सरकारजवळ पैसा नव्हता. शिवाय अमेरिकादि राष्ट्रांबरोबर नवें आंतरराष्ट्रीय स्थानक बांधण्याचें वचन रशियानें दिलें होतें आणि त्यांतील रशियाच्या वांट्याचें ‘झ्वेझ्दा’ हें दालन लांबणीवर पडत चाललें होतें. जुन्या घराचा लोभ सोडा व यानें नव्याकडे लावा, असा अमेरिकेचा आग्रह होता. तो अगदींच अन्यायाचा होता असें म्हणतां येणार नाहीं. पण ज्यांनीं हातानें तें घर घडविलें, त्यांना तो पटावा कसा ?

मीर चालविणारी ‘एनर्जिया’ ही संस्था म्हणजे सर्गेई कोरोल्येव्ह यांच्या कारखान्याचाच वारसा. ती आतां भागीदारांची कंपनी झाली होती. तिनें परदेशी भांडवलदारांसह ‘मीरकॉर्प’ नांवाची कंपनी काढिली व स्थानक तिला भाड्यानें दिलें. टेलिफोनच्या धंद्यांत श्रीमंत झालेले अमेरिकन गृहस्थ वॉल्टर अँडरसन यांनीं पैसा पुरविला. कचेरी ॲमस्टरडॅम येथें थाटली. साम्यवादी राज्याच्या अभिमानाचा तो मेरुमणि, आणि त्याचे भाडेकरी अमेरिकन सावकार ! इतिहासाला अशी थट्टा अधूनमधून सुचते.

१ फेब्रुवारी २००० रोजीं एक निर्मनुष्य यान सुटलें. त्यानें खालीं खालीं येणारें स्थानक वर उचललें. पुढील यानांत एका चित्रपटासाठीं व्लादिमीर स्तेक्लोव्ह हे नट जावयाचे होते. त्यांचें शिक्षणही झालें होतें. परंतु ठरलेली रक्कम न आल्यामुळें ऐन मार्चमध्यें त्यांचें नांव गाळण्यांत आलें. खाजगी प्रवासाचा पहिला नियम अशा रीतीनें प्रवासापूर्वींच कळून चुकला.

४ एप्रिल रोजीं बैकोनूरहून सर्गेई झाल्योतिन व अलेक्सांद्र कालेरी हे दोघे निघाले. मनुष्य बसलेलें यान खाजगी पैशानें अंतराळस्थानकाकडे जाण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. झाल्योतिन यांची ही पहिलीच खेप; कालेरी मात्र जाणते होते. १९९७ ची आग लागली तेव्हां ते मीरवरच होते. ६ एप्रिल रोजीं यान जोडण्याच्या शेवटच्या टप्प्यांत दिशा किंचित् ढळली, तेव्हां झाल्योतिन यांनीं यंत्रावर न विसंबतां स्वतःच्या हातानें तें जोडलें. मग सुरू झालें तें संसाराचें रुक्ष काम. दिवे लावावयाचे, यंत्रें चालूं करावयाचीं, आणि घरांतली हवा कोठून निसटते याचा शोध घ्यावयाचा. १२ मे रोजीं दोघे सुमारें पांच तास बाहेर राहिले व भिंतीचीं भोंकें बुजविण्याचा एक लेप त्यांनीं तपासून पाहिला. मीरमधून बाहेर पडण्याची मनुष्याची ती शेवटचीच वेळ ठरली. १६ जून रोजीं ते परतले. घर आंवरून, यंत्रें स्वयंचलित ठेवून, पुन्हा कोणी येईल या हिशेबानेंच ते निघाले होते.

कोणी आलें नाहीं. डेनिस टिटो या अमेरिकन धनिकानें मीरकॉर्पशीं करार केला होता. परंतु पुढील भांडवल जमेना, आणि वर्षअखेर रशियन सरकारनें स्थानक बुडविण्याचा निर्णय घेतला. २३ मार्च २००१ रोजीं सुमारें १३० टनांची ती वास्तु जळत जळत दक्षिण पॅसिफिक महासागरांत विसर्जित झाली. टिटो मात्र थांबले नाहींत. अमेरिकेच्या अंतराळसंस्थेचा विरोध असतांही २८ एप्रिल रोजीं ते रशियन यानांतून नव्या स्थानकाकडे गेले.

त्याच विरोधकांनीं पुढें दार उघडलें. एप्रिल २०२२ मध्यें ‘ॲक्सियम’ कंपनीची पहिली मोहीम मायकेल लोपेझ-अलेग्रिया यांच्या नेतृत्वाखालीं तेथें गेली. चौघांपैकीं तिघे स्वखर्चानें आलेले होते. २५ जून २०२५ रोजीं निघालेल्या चौथ्या मोहिमेंत भारताचे शुभांशु शुक्ला होते. यानाची व्यवस्था खाजगी, पण त्यांच्या जागेचा खर्च मात्र भारत सरकारचा होता. १५ जुलै रोजीं ते सुखरूप परत आले.