संस्थापक गेला, पाटी राहिली

एखादं फॅशन हाउस त्याच्या संस्थापकानंतर चालू ठेवावं का? पॅरिसमध्ये हा प्रश्न जुनाच आहे. ख्रिस्तियान दिओर १९५७ मध्ये अचानक गेला आणि कारभार आला अवघ्या २१ वर्षांच्या इव्ह सँ लोराँकडे. बालेन्सियागाने मात्र १९६८ मध्ये आपल्या हयातीतच हाउस बंद केलं. (पुढे त्याच्या नावाने ते पुन्हा उघडलंच, ते सोडा!) आता मी पडलो कॉम्प्युटर इंजिनिअर, कपड्यांतलं मला इस्त्रीपलीकडे फारसं कळत नाही. पण मी राहतो त्सुफेनहाउझेनला, आणि इथे हाच प्रश्न चार चाकांवर फिरतो.

श्टुटगार्टच्या उत्तरेचं हे उपनगर म्हणजे पोर्शेचं माहेर. फेर्दिनांद पोर्शेने १९३१ मध्ये श्टुटगार्टला डिझाइन ऑफिस काढलं, ते १९३८ मध्ये त्सुफेनहाउझेनला आलं. गंमत अशी, की जिला आज आपण पोर्शे म्हणून ओळखतो ती स्पोर्ट्स कार थोरल्या पोर्शेने केलेलीच नाही. महायुद्धानंतर तो फ्रेंचांच्या कैदेत होता, ऑगस्ट १९४७ मध्ये सुटला. त्या काळात ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड या लहानशा गावी त्याचा मुलगा फेरी याने ३५६ या गाडीचं काम सुरू केलं. १९४८ मध्ये पहिली गाडी रस्त्यावर आली, १९५० मध्ये उत्पादन त्सुफेनहाउझेनला सुरू झालं आणि जानेवारी १९५१ मध्ये संस्थापक वारला. म्हणजे बघा, हे घराणं जगाला ठाऊक झालं तेच मुळी संस्थापकाच्या पश्चात!

तिसरी पिढी फेरीच्या मुलाची, फेर्दिनांद अलेक्झांडरची. घरचं नाव बुत्सी. १९६३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात आलेल्या ९११ चं रूप त्याचं. पण नातवंडांत कुरबुरी वाढल्या, तेव्हा फेरी आणि त्याची बहीण लुइझे यांनी ठरवलं, की घरातल्या कोणीच कंपनीचा रोजचा कारभार पाहायचा नाही. १९७२ मध्ये सगळे बाहेर पडले. भाचा फेर्दिनांद पिएख आउडीत गेला. बुत्सीने 'पोर्शे डिझाइन' काढलं, मग घड्याळं, गॉगल, पेनं. त्याचं पहिलंच काळंकुट्ट घड्याळ १९७२ चं. म्हणजे हे खरोखरचं फॅशन हाउसच झालं की! २०१२ मध्ये बुत्सीही गेला. नाव चालूच आहे.

आपल्याकडे हे नवीन नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या नाटक मंडळीला जेमतेम पाच वर्षं झाली होती. मंडळी तिथेच थांबली असती, तर १९०५ मध्ये बालगंधर्व कुठल्या रंगमंचावर उभे राहिले असते? आणि १९१३ मध्ये त्यांनी बाहेर पडून स्वतःची कंपनी काढली, तेही काही वाईट झालं नाही. गाण्यातल्या घराण्यांचं तर काय सांगावं. तिथे गुरू गेला म्हणून कोणी तानपुरा फोडत नाही.

आमच्या आजोबांचं कोल्हापुरात शिलाईचं छोटं दुकान होतं. ते गेल्यावर काकांनी पाटी तशीच ठेवली. गिऱ्हाइकं म्हणायची, "हात वेगळा आहे, पण काप तोच आहे." काकांना वारशात दोन वह्या मिळाल्या. एक मापांची, दुसरी उधारीची. या दुसऱ्या वहीत लोकांचं येणं होतं, तसंच कापडवाल्यांचं देणंही होतं. काकांनी ते सगळं फेडलं. फक्त पहिली वही ठेवून दुसरी बंबात घालता येत नाही, हे मी तिथे शिकलो.

त्सुफेनहाउझेनच्या घराण्याचीही दुसरी वही आहे, आणि ती जड आहे. १९३१ मधल्या भागीदारांत आडोल्फ रोझेनबेर्गर होता. मोटार शर्यतीतला नावाजलेला ड्रायव्हर, आणि सुरुवातीच्या पैशाचा भार उचलणारा. तो ज्यू होता. १९३५ मध्ये त्याचा हिस्सा गेला, काही दिवस तो छळछावणीत होता, पुढे परदेशी निघून गेला आणि १९६७ मध्ये अमेरिकेत वारला. पाटीवर त्याचं नाव कधीच आलं नाही. फोक्सवागनची गाडी थोरल्या पोर्शेने हिटलरच्या राजवटीसाठी केली, आणि युद्धकाळात त्सुफेनहाउझेनच्या कारखान्यात वेठीला धरून आणलेली माणसं राबली.

तेव्हा हाउस चालू ठेवावं का, याला माझं उत्तर आहे: ठेवावं, पण दोन अटींवर. पहिली अट, काप मोडता यायला हवा. आमच्या भाषेत सांगायचं तर मूळ प्रोग्रॅमरचा कोड पूजेला न लावता नवं व्हर्जन काढायची हिंमत हवी. फेरीला ती होती. ९११ ही गाडी एकेकाळी बंद करायचं घाटत होतं. १९८१ मध्ये आलेल्या पेटर शुट्सने तो बेत मोडला. तो पोर्शे घराण्यातला नव्हता, हे महत्त्वाचं. वारसा रक्तातूनच येतो असं नाही.

दुसरी अट अवघड आहे. ज्याला नाव हवं, त्याने देणंही घ्यावं. नाव विकून गॉगल खपवायचे आणि रोझेनबेर्गरचा विषय निघाला की "ते आमच्या आधीचं" म्हणायचं, हे चालणार नाही. दोन्ही वह्या उघड्या ठेवायची तयारी नसेल, तर बालेन्सियागासारखं आपल्या हातानं कुलूप लावलेलं बरं.

परदेशात आपण जी मंडळं चालवतो, त्यांचे संस्थापकही आता एकेक करून थकताहेत. मंडळी, त्यांच्याकडून नुसती पाटी घेऊ नका. वह्या मागून घ्या, दोन्ही.